आणि आई हसली

सबनीस सरांनी हॉलचं दार लोटलं, वरची कडी खाडकन लावली आणि हात झटकत म्हणाले, "चला, आता कुणाची सुटका नाही!"

सगळे हसले. मी एका बाजूने भिंतीला चिकटले होते, दुसऱ्या बाजूला हे बसले होते, आणि बाक इतका तोकडा की मला उठायचं म्हटलं तरी आधी ह्यांना उठावं लागलं असतं. खाली पिठाची गिरणी चालू होती. तिचा हादरा बाकातून थेट पाठीत यायचा. एप्रिलची दुपार, आणि पंखा एकच, तोही सबनीस सरांच्या डोक्यावर.

ही कराडच्या वाचनकट्ट्यातली गोष्ट. बारा-तेरा वर्षं झाली असतील आता. आमच्या निशीचं, म्हणजे निशिकांतचं पुस्तक आलं होतं, 'बिनदाराचं घर' नावाचं. पुण्यात त्याचं फार कौतुक झालं. कादंबरीचा नायक एक ड्रॉइंग मास्तर. त्याच्या डोक्यात एक दिवस येतं, की दारांमुळे माणसं एकमेकांना परकी होतात. झालं! तो घराचं पुढचं दार बिजागऱ्यांतून काढतो, कापून त्याचं चित्रं काढायचं टेबल करतो आणि वर्षभर बायकोपोरासकट बिनदाराच्या घरात राहतो. हे सगळं खरं घडलेलं आहे. मास्तर म्हणजे हे, पोर म्हणजे निशी, आणि घर आमचं साताऱ्याचं. बायको कोण ते वेगळं सांगायला नको.

दुसरी आवृत्ती निघाली आणि ह्यांच्या अंगात वारं शिरलं. एका पेपरवाल्याला आपणच फोन करून सांगितलं, की वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी पुन्हा दार काढणार, पुन्हा वर्षभर तसंच राहणार. सोमवारी फोटोग्राफर यायचा होता आणि सोमवारीच मिस्त्री.

तिकडे बार्शीला माझी अक्का, माझी थोरली बहीण, अंथरुणाला खिळलेली. महिनाभर फोनवर एकच धोशा, "पमे, ये गं एकदा. तुझ्या हातचं खायचंय." मी जायचं ठरवलं होतं, आणि हे दाराचं निघालं.

"मग जा की," हे म्हणाले. "दार नसलं म्हणून काय झालं? मी आहे ना घरात!"

हे आहेत! हे कधी असतात आणि कधी नसतात ते ह्यांचं ह्यांना माहीत नसतं. दूध आणायला म्हणून बाहेर पडलेला माणूस तिसऱ्या दिवशी महाबळेश्वरहून परत आलेला मी पाहिलाय.

मी निशीला म्हटलं, "बाबा रे, तू तरी सांग त्यांना. तुझं ऐकतील."

"अगं आई, मजा येईल!" निशी म्हणाला. "दुसऱ्या भागाला आयता विषय मिळतोय मला. आणि तू काय, हसशीलच."

म्हणजे दोघांनी मिळून माझं ठरवूनच टाकलं होतं. तुम्ही म्हणाल, सरळ नाही का म्हटलं नाही? म्हणून बघा तुम्ही. ज्या माणसाला अख्खं गाव 'काय अवलिया आहे हो' म्हणतं, त्याला घरातून नाही म्हणणारी बाई कजागच ठरते. मी पंचेचाळीस वर्षं कजाग ठरायला भीत आले.

तर त्या शनिवारी निशी आम्हा दोघांना गाडीत घालून कराडला घेऊन आला. ह्यांचा थाट काय वर्णावा! कोटाला बटणांच्या जागी सुतळीच्या गाठी, एक मोजा पिवळा, एक निळा, आणि गळ्यात पी.टी.च्या मास्तरांची शिट्टी. खूश झाले की शिट्टी वाजवायची, असा ह्यांचा नेम. पुस्तकात आहे तो.

या कट्ट्याची एक रीत होती, ती सबनीस सरांनी पहिल्यांदा समजावून सांगितली. हे सबनीस सर रिटायर्ड हेडमास्तर, आवाज अजून शाळेतलाच.

"लेखक मधे बोलला की वाचक गप्प होतो," ते म्हणाले. "म्हणून आमच्याकडे लेखकाच्या तोंडात सुपारी. सगळ्यांचं बोलून झालं की ती या ताटलीत ठेवायची, मग काय उत्तर द्यायचं ते द्या. फोडायची नाही, गिळायची तर नाहीच. ज्यांनी पुस्तक वाचलंय त्या प्रत्येकाने बोलायचं. आणि लेखकासकट सगळे बोलल्याशिवाय कडी निघत नाही. एकदा एक कवी रुसून मधेच निघून गेले, तेव्हापासून कडी लावतो."

"आणि पाहुण्यांची ओळख?" ह्यांनी मागून विचारलं. कधी एकदा आपली ओळख होतेय असं झालं होतं ह्यांना.

"ओळख शेवटी. ओळख झाली की माणसं गोड बोलायला लागतात."

निशीने ती भली मोठी सुपारी गालात धरली आणि आमच्याकडे बघून डोळा मिचकावला. एक गाल फुगलेला. लहानपणी गूळ चोरून खायचा तेव्हा असाच दिसायचा.

पहिल्या उठल्या मुल्ला मॅडम, मुलींच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या. पुस्तकात जागोजागी कागदाचे कपटे खोचलेले.

"मी खरं ते सांगते," त्या म्हणाल्या. "पहिली तीस-चाळीस पानं मला गंमत वाटली. दार काढलं, चला, ठीक आहे. मग तो मास्तर पोळीवर चित्र काढतो, आल्यागेल्याला घरात झोपवतो, शिट्टी वाजवतो. आणि प्रत्येक वेळी लेखक मला गुदगुल्या करतोय, बघा किती गोड आहे, बघा किती गोड आहे! अहो, गोड आहे की नाही ते आम्हाला ठरवू द्या ना. अर्ध्या पुस्तकानंतर मला त्या माणसाचा राग यायला लागला. त्याला कशाची म्हणून झळ लागत नाही. सगळं सोसतात ते दुसरेच."

ह्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं. "बाईला विनोद कळत नाही."

असं मोठ्याने, भर दुपारी, पंधरावीस माणसांसमोर कुणी बोलू शकतं हेच मला नवीन होतं.

मग थोरात म्हणून एक गृहस्थ उठले. पोस्टात होते म्हणाले.

"मला बुवा आवडला मास्तर. पण दोन तास गप्पा मारायला. त्याच्या घरी राहायला बोलावलं तर मी नाही जायचो." लोक हसले. "मी बायकोला वाचून दाखवत होतो. ती भाकरी थापत होती. म्हणाली, वाचताय तर एवढं शोधा, ह्या घरात पाणी कोण भरतं? मी सगळं पुस्तक शोधलं. कुठे सापडलं नाही."

"ह्याच्या बायकोला कुणी विचारलंय?" हे जरा मोठ्यानेच पुटपुटले. पुढच्या बाकावरच्या दोघांनी वळून पाहिलं. ह्यांचा गुडघा हलायला लागला होता, त्याबरोबर सगळा बाक हलत होता. मला घाम फुटला. पदराने तोंड पुसायला हात वर करावा तर कोपर भिंतीला लागायचं.

निशीकडे पाहिलं. आता तो डोळे मिचकावत नव्हता. खाली मान घालून पेनाचं टोपण काढत होता आणि लावत होता.

तिसरी उठली ती कॉलेजातली मुलगी, ऋता नावाची. सडपातळ, चष्मा घातलेली, आवाज अगदी बारीक.

"मला मास्तरबद्दल काही म्हणायचं नाही," ती म्हणाली. "मला त्या आईची भीती वाटली."

तिने पुस्तक उघडून पुढे धरलं.

"म्हणजे बघा ना, तिला नावसुद्धा नाही. आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी तेच एक वाक्य, 'आणि आई हसली'. कुत्रं येऊन पोळ्या पळवतं, आणि आई हसली. अनोळखी माणूस रात्रभर घरात घोरतो, आणि आई हसली. पावसाळ्यात साप निघतो, तेव्हासुद्धा आई हसली! माणूस असं हसत नाही, सर. मला सारखं वाटत होतं, की ही बाई कधीतरी एकदा किंचाळेल आणि मग पुस्तक खरं सुरू होईल. पण ती शेवटपर्यंत हसतच राहिली."

ती खाली बसली. मला त्या पोरीला जवळ घ्यावंसं वाटलं. आणि तिथून पळून जावंसंही वाटलं. पळणार कुठे? भिंत, हे, बाक आणि वरती कडी.

आणखी चार-पाच जण बोलले. एकाने चांगलं म्हटलं, पण तेही ओढूनताणून. मग सबनीस सरांचं बोट आमच्याकडे वळलं. "मागच्या बाकावरचे पाहुणे. वाचलंय का पुस्तक?"

हे वाटच बघत होते. ताडकन उभे राहिले आणि शिट्टी तोंडात घालून अशी जोरात फुंकली, की पुढच्या एका बाईची दचकून पर्स पडली.

"वाचलंय? अहो, जगलोय!" हे म्हणाले. "तुमचा तो झळ न लागणारा, पाणी न भरणारा मास्तर तुमच्यापुढे उभा आहे. मीच तो!"

सगळ्यांचे चेहरे खर्रकन उतरले. मुल्ला मॅडमनी पुस्तक मिटून मांडीखाली सरकवलं. थोरात हात जोडून म्हणायला लागले, "तसं नव्हतं हो म्हणायचं, माणूस फार मोठा आहे मास्तर..." म्हणजे सबनीस सर म्हणत होते तसंच झालं. ओळख झाली आणि गोडवा पाझरायला लागला. दोन मिनिटांत पुन्हा सगळं जिथल्या तिथे जाणार होतं. सोमवारी दार निघणार होतं, अक्का वाट बघत पडून राहणार होती.

ह्यांना तर जोरच चढला. "आणि ती हसणारी आई ना, ती ही इथे बसलीय! तिलाच विचारा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सांग गं यांना. हसत होतीस की नाही?"

मी उठले नाही. हे वाटेत उभे होते, उठायला जागाच नव्हती. बसल्या बसल्याच बोलले.

"माझं नाव प्रमिला," मी म्हणाले. "पुस्तकात राहून गेलंय, म्हणून सांगितलं."

कुणी हसलं नाही. माझा आवाज मलाच परका वाटत होता.

"मी हसले होते हे खरं आहे. निशी खोटं लिहीत नाही, त्याला दिसलं ते त्याने लिहिलं. पण नेहमी नव्हते हसत. एकदाच हसले, आणि तेच त्याने सगळीकडे लावलं. पुस्तकात ते प्रकरण आहे बघा, मे महिन्यातलं. मास्तर सायकलवर टांग मारून समुद्र बघायला जातात आणि आई उंबऱ्यात खाट टाकून रात्र रात्र चांदण्या मोजते. फार सुंदर लिहिलंय. मी चांदण्या नव्हते मोजत. मी राखण करत होते."

"अगं, राखण कसली?" हे म्हणाले.

"मला बोलू द्या. इथे नियम आहे."

सबनीस सरांनी ह्यांना हातानेच बसा म्हणून खूण केली. हे बसले.

"मी शिवण करायची. लग्नसराई होती. कपाटात गावातल्या पोरींच्या लग्नाची पोलकी, शालू, जरीची कापडं. सगळं लोकांचं. आणि घराला दार नाही. तशात बार्शीहून तार आली, वडील अत्यवस्थ, ताबडतोब ये. हे कुठे होते? गुहागरला, नाहीतर वाटेत कुठेतरी. कळवू कुठे? शेजारचे सुट्टीत गावाला गेलेले, पलीकडचे आमच्याकडे येणाऱ्या कुत्र्यांपायी बोलणं टाकून बसलेले. म्हटलं, दार परत उभं करावं. दार कुठाय? त्याचं टेबल झालेलं. मी ती फळी ओढत नेऊन उंबऱ्यावर उभी केली. माझ्या कमरेपर्यंत आली."

खालची गिरणी बंद झाली असावी, कारण एकदम माझा आवाज फार मोठा यायला लागला.

"निघून गेले असते, आणि मागे एखादीचं लग्नाचं कापड गेलं असतं, तर कुणाला तोंड दाखवलं असतं? म्हणून बसून राहिले. हे आज येतील, उद्या येतील. सात वर्षांचं पोर विचारायचं, आई, तू इथे का बसतेस? मी सांगायची, चांदण्या मोजतेय रे. काय सांगणार त्याला? मग दुसरी तार आली."

निशीने मान वर केली. गाल फुगलेलाच होता, डोळे लालभडक.

"त्याच संध्याकाळी हे आले. तार माझ्या हातात होती. मी तोंड उघडलं, तर म्हणाले, काही बोलू नकोस, आधी ऐक. आणि पिशवीतून शंख काढून माझ्या कानाला लावला. म्हणाले, तुझ्यासाठी समुद्र आणलाय. तेव्हा मी हसले. हसतच सुटले. थांबता थांबेना. पोर ओट्यावर बसून बघत होतं. त्याला वाटलं, आईला केवढा आनंद झाला!"

ऋता रडत होती. ह्यांचा गुडघा थांबला होता.

शेवटी सबनीस सर घसा साफ करून म्हणाले, "निशिकांत, आता तुम्ही." आणि ताटली पुढे केली.

निशीने मान हलवली. सुपारी काढली नाही.

हे उठले, दाराशी गेले आणि कडी चाचपायला लागले. ती होती वर, घट्ट. ह्यांना निघेना. "काढा हो ही," हे म्हणाले. इतकं लहान तोंड ह्यांचं मी कधी पाहिलं नव्हतं. सबनीस सर गोंधळून निशीकडे बघत राहिले, नियम लेखक बोलल्याशिवाय कडी न काढण्याचा. पण हे उठल्यामुळे मला वाट झाली होती. मी बाकामधून निघाले, टाचा उंचावल्या आणि कडी काढली.

गाडीत साताऱ्यापर्यंत निशीच्या तोंडात सुपारी होती. घरापाशी गाडी थांबवली, सुपारी हातरुमालात काढली आणि म्हणाला, "आई, बार्शीला सोडू तुला?"

"सोमवारी स्टँडवर सोड," मी म्हटलं. "पुढे माझी मी जाईन."

दाराचं काय, ते मी ह्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते पुन्हा माझ्या गळ्यात आलं असतं. सोमवारी उजाडता मी पिशवी घेऊन बाहेर पडले. हे आरामखुर्चीत बसले होते. "मिस्त्री येतोय आज," एवढंच म्हणाले, माझ्याकडे न बघता.

"येऊ द्या," मी म्हटलं. "आत निशीची पुस्तकं आहेत, तुमची चित्रं आहेत. सांभाळा."

अक्काकडे चांगली राहिले. रोज तिला तिच्या आवडीचं करून घातलं, शेंगाची आमटी, ज्वारीच्या कण्या, हुलग्याचं माडगं. वडील ज्या खोलीत गेले ती खोली तिने मला दाखवली. मी तिथे बसून मनसोक्त रडून घेतलं. कुठे घाई नव्हती. मधे पेपरात ह्यांचा फोटो आला, काढलेल्या दाराशेजारी, शिट्टीसकट. अक्का म्हणाली, "हे काय गं नवीन?" मी म्हटलं, "नवीन कुठलं, जुनंच आहे."

परत आले ती दुपारी. लांबूनच दिसलं, दाराची चौकट उघडी आणि उंबऱ्यात आडवी खाट. खाटेवर हे. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले, हातात काठी. समोरून एक कुत्रं बघत होतं त्याच्यावर ह्यांची नजर.

मला पाहिलं आणि हे उठून बसले.

"दोन आठवडे मी इथून हललो नाही," हे म्हणाले. "दोनदा कुत्रं आत शिरलं. एक बुवा माझं धोतर घेऊन गेला. डबा शेजारचे देतात. झोप नाही, अंघोळ नाही. काय गं ही भानगड! वीट आला नुसता. तुला कसं जमलं होतं?"

मी पिशवी खाली ठेवली.

हे खालच्या मानेने म्हणाले, "मिस्त्रीला निरोप धाडलाय. संध्याकाळी दार लावतो म्हणालाय." आणि मग इकडे तिकडे बघत, हळूच, "पमे, जरा बसतेस का इथे? मी पटकन अंघोळ करून येतो."

"नाही बसणार," मी म्हटलं.

माझ्या संसारातलं पहिलं नाही. हे आ वासून बघत राहिले. मग निमूटपणे पुन्हा खाटेवर टेकले, काठी उचलली आणि कुत्र्याला हाड् हाड् करायला लागले, तेवढ्यात गळ्यातली शिट्टी काठीत अडकली आणि ती सोडवेपर्यंत कुत्रं ह्यांच्या डोळ्यांदेखत खाटेखालून घरात गेलं.

तेव्हा मी हसले. उंबऱ्याबाहेर रस्त्यात उभी राहून, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. ते लिहायला निशी तिथे नव्हता.